मीनल, लायसन्स सोडू नकोस

शुगर लँड, टेक्सस
9 नोव्हेंबर 2025

प्रिय मीनल,

भाऊबीजेला फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "जानेवारीत फिजिओथेरपीचं लायसन्स संपतंय, या वेळी नाही भरणार, कशाला उगाच?" आणि लगेच चकलीच्या भाजणीकडे वळलीस. मागे पोरांचा गोंधळ, नवरोबा अभिजित फोन मागतोय, म्हणून तेव्हा मी गप्प बसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, वर "तुझं आपलं काहीतरीच" म्हणून विषय बदलशील. म्हणून लिहितेय. सगळं वाच, मध्येच कणीक मळायला उठू नकोस.

तुझी बाजू मला कळते गं. सासूबाईंना स्ट्रोक झाल्यापासून तू घरी आहेस. पगार नाही, आणि रिन्यूअलची फी, कोर्सचे पैसे, वर वेळ. शिवाय तुझं ते ठरलेलं, "एवढी गॅप पडल्यावर मला कोण उभं करणार?" पण तुझा एक समज मला आधी काढायचाय. तुला वाटतं लायसन्स संपलं तरी कुठे पळून जातंय, लागेल तेव्हा चालू करून घेऊ. न्यू जर्सीत तसं होत नाही. 31 जानेवारी उलटली की 30 दिवस लेट फी भरून रिन्यू करता येतं. त्यानंतर ते आपोआप सस्पेंड होतं, सुनावणी वगैरे काही नाही. मग परत मिळवायचं तर रीइन्स्टेटमेंटचा अर्ज, मधल्या काळात कुठे काय काम केलंस त्याचं अ‍ॅफिडेव्हिट, क्रेडिटचा, म्हणजे कोर्सच्या तासांचा, हिशोब, जास्तीची फी. आणि पाच वर्षांच्या पुढे गेलं की पहिल्यापासून सुरुवात. तुझा स्वभाव मला माहीत आहे. एकदा सस्पेंड झालं की "आता कोण एवढं करतंय" म्हणून तू त्याचं नावही काढणार नाहीस.

इनअ‍ॅक्टिव्ह करून ठेवायची सोय आहे, हे तू म्हणशीलच. आहे, आणि नुसतं संपू देण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी. पण अ‍ॅक्टिव्ह करताना क्रेडिट दाखवावेच लागतात. म्हणजे काम तेवढंच, फक्त पुढे ढकललेलं. माझं स्वच्छ मत आहे की तू अ‍ॅक्टिव्हच ठेव.

आणि काम तरी काय आहे? तुमच्याकडे दोन वर्षांचे 30 क्रेडिट, त्यातले चार कायदा आणि एथिक्सचे. ते चार विसरू नकोस. दरवेळी बाकी सगळं करून नेमके तेवढेच राहिलेले लोक शेवटच्या आठवड्यात पळापळ करतात. तुमचं एक बरं, सगळ्यांची तारीख एकच, सम वर्षातली 31 जानेवारी. आमच्या टेक्ससमध्ये ज्याच्या त्याच्या वाढदिवसाच्या महिन्याअखेर लायसन्स संपतं. त्यामुळे दर दुसऱ्या वर्षी माझा वाढदिवस आला की घरात विचारतात, "केक आधी की बोर्ड आधी?" या वर्षी बोर्डाचं, म्हणजे लायसन्सचं, आधी झालं, परवाच पावती आली.

आमच्याकडेही 30 च, पण त्यांना सीसीयू म्हणायचं. त्याशिवाय दोन गोष्टी जास्तीच्या. एक म्हणजे टीएक्स-जॅम, टेक्ससच्या नियमांवरची ऑनलाइन परीक्षा, प्रत्येक रिन्यूअलला. दुसरी म्हणजे मानवी तस्करी ओळखण्याचं प्रशिक्षण. हे 2020 पासून इथल्या आरोग्यसेवेत पेशंटवर थेट उपचार करणाऱ्या लायसन्सवाल्यांना लागू झालं. खरं सांगू, सक्तीच्या कोर्सना मी नाकं मुरडते. निम्मे ऑनलाइन कोर्स म्हणजे पुढचं बटण दाबत राहायचं, शेवटी दहा सोप्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि सर्टिफिकेट छापायचं. पण हा तस्करीवाला कोर्स मला पटला. आपण होम हेल्थवाले, घरी जाऊन उपचार करणारे, लोकांच्या थेट बेडरूमपर्यंत जातो. डॉक्टरला जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं. एखाद्या घरात आजींना सांभाळणारी बाई असते, तिला काही विचारलं की उत्तर दुसरंच कुणी देतं. ती कधी एकटी भेटत नाही, तिचा पासपोर्ट मालकाकडे असतो. अशा वेळी काय बघायचं, तिला अडचणीत न आणता कुणाला कळवायचं, हे त्यांनी नीट सांगितलंय. पेनसिल्व्हेनियात याच जागी दोन तास बालशोषण ओळखण्याचे असतात, फ्लोरिडात वैद्यकीय चुका टाळण्याचे. कॅलिफोर्नियाला चार तास जीवरक्षक प्रथमोपचाराचे लागतात. प्रत्येक राज्याला कसली काळजी वाटते, ते त्या यादीवरून कळतं.

टीएक्स-जॅम मी रात्री जेवणाच्या टेबलावर बसून दिली. पुस्तक उघडून द्यायची परीक्षा आहे, म्हणजे नियमांची फाइल शेजारी ठेवून. नापास कुणी होत नसेल, पण वाचावं मात्र लागतं. पीटीएला (फिजिओच्या असिस्टंटला) काय करू द्यायचं, टेकला (मदतनीसाला) काय करू द्यायचं, पहिलं इव्हॅल्युएशन कुणी करायचं, असले प्रश्न रोजच्या कामातले असतात. तरी ते लिहिलेलं वाचताना माणूस सावध होतो. इथे 2019 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंटला थेट ट्रीट करता येतं, पण सलग 10 कामाचे दिवस, आणि शिक्षण त्याहून जास्त असेल तर 15. मी ट्रान्झिशनल डीपीटी, म्हणजे फिजिओची नंतर करायची डॉक्टरेट, केलं नाही, म्हणजे मला 10. होम हेल्थमध्ये मेडिकेअरला (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला) डॉक्टरची किंवा नर्स प्रॅक्टिशनरसारख्या कुणाची ऑर्डर लागतेच, त्यामुळे मला त्याचा रोज उपयोग नाही. पण उद्या स्वतःचं काही सुरू करायचं म्हटलं तर? असं मनात येतं कधी कधी. तुला म्हणून सांगतेय, घरी अजून बोलले नाहीये.

आता 30 तासांत करायचं काय, ते सांगते, कारण तू स्वस्तातलं बंडल घेऊन मोकळी होशील. तसं करू नकोस. निदान अर्धे तास तरी तुला खरंच हवंय त्यावर घाल. मी या खेपेला शनिवार-रविवारचा व्हेस्टिब्युलरचा, म्हणजे कानातल्या तोलाचा आणि चक्करेचा, कोर्स केला, हातांनी करायचा, एकमेकांना टेबलावर आडवं पाडून. पुढे माझ्याकडे एक निवृत्त संगीतशिक्षिका आल्या, गुडघा बदललेला. गुडघा छान चाललेला, पण बाई उजव्या कुशीवर वळायला तयार नाहीत. "घर फिरतं," म्हणायच्या. सगळ्यांनी बीपीवर ढकललेलं. मी डिक्स-हॉलपाइक ही चक्करेची तपासणी केली, डोकं उजवीकडे वळवून त्यांना पटकन मागे झोपवलं आणि डोळ्यांकडे बघत बसले. दोनचार सेकंद काही नाही. मग बुबुळं थरथरायला लागली, वर आणि गोल गोल, आणि त्यांनी माझं मनगट असं काही धरलं की वळ उठला. मिनिटाच्या आत शांत झालं. लगेच एपली, म्हणजे ती चक्कर घालवायची हालचाल, केली, प्रत्येक पोझिशनमध्ये थांबत, घाई न करता. पुढच्या व्हिजिटला दार त्यांनीच उघडलं. आधी मला कॉफी दिली आणि मग म्हणाल्या, "काल रात्री मी उजवीकडे तोंड करून झोपले." मीनल, हे मला कॉलेजात एका ओळीत शिकवलं होतं. हात बसला तो आत्ता.

तुला स्ट्रोकवरचं काहीतरी घ्यावंसं वाटेल. घे की! सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत घेताना तू गेट बेल्ट (कमरेचा आधाराचा पट्टा) लावतेस, कमकुवत बाजूचा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवतेस, दर दोन तासांनी कूस बदलतेस. काकूंना एकही बेडसोर झालेला नाही. हे तू फुकट करतेस म्हणून ते काम होत नाही का? गॅप गॅप काय करतेस. तुझ्या रिझ्युमेवर ते लिहिता येणार नाही, हे मान्य. पण हात गंजलेत म्हणू नकोस, मी मे महिन्यात तुझ्याकडे राहून डोळ्यांनी बघितलंय.

आता जे बोलायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, ते. 2010 चा जुलै आठवतोय? आपले सगळे कागद झाले होते. मार्कशीटच्या सीलबंद प्रती, क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, टोफेल. तू सांगलीत, मी नाशकात, रोज रात्री याहूवर एकमेकींना प्रश्न विचारत होतो. आणि बातमी आली की भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त इथल्या पदवीधरांना अमेरिकेतली फिजिओ लायसन्सची परीक्षाच बंद. कारण काय, तर काही लोकांनी जुने प्रश्न पाठ करून बाहेर वाटले. चार देशांतल्या हजारो पोरापोरींना एका झटक्यात एकाच तागडीत तोललं. पुढे आपल्यासाठी वर्षातून एकदाच होणारी वेगळी परीक्षा काढली. तोवर तू क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर आयएफटी, ते दुखण्यावरचं विजेचं मशीन, लावत बसलीस. तुझ्या बाबांना शेजारी विचारायचे, "काय, अमेरिकेचं काय झालं?" आणि ते रोज नवं उत्तर द्यायचे. मग परीक्षा. भारतात ती देताच येत नव्हती, कर्ज काढून इथे यायचं, पाच तास, 250 प्रश्न. पास व्हायला स्केलवर 600 लागतात. तुला किती मिळाले ते मी लिहीत नाही, अभिजितला पत्र दाखवशील आणि तो परत मला चिडवेल.

एवढं करून मिळालेला तो कागद आहे. अभिजितच्या नोकरीवर तू या देशात आली नाहीस, तो तुझ्या एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) एच-फोरने, जोडीदाराच्या व्हिसाने, आला. ग्रीन कार्डही तुझ्याच प्रोफेशनवर, फिजिओ शेड्यूल ए मध्ये, म्हणजे माणसं कमी पडणाऱ्या व्यवसायांच्या यादीत, येतात म्हणून लेबर सर्टिफिकेशनच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही. (पुढची रांग राहावी लागलीच म्हणा, भारतात जन्मलेल्यांना ती चुकत नाही.) त्या घरात तुझ्या एकटीच्या नावावर असलेली गोष्ट हीच. ती कंटाळ्यापायी सोडायची?

आणि उद्या तुम्ही परत सांगलीला जायचं ठरवलंत तरी मला वाटतं ठेवावं. लोक जातात आणि पोरांच्या शाळेसाठी परत येतात, आपल्या ओळखीतच दोन घरं आहेत. शिवाय आता कॉम्पॅक्ट, म्हणजे राज्याराज्यांतला लायसन्सचा करार, आहे. घरच्या राज्याचं लायसन्स अ‍ॅक्टिव्ह असेल तर सामील असलेल्या दुसऱ्या राज्यात काम करायला तिथलं वेगळं लायसन्स काढावं लागत नाही, प्रिव्हिलेज, म्हणजे तिथे काम करायची परवानगी, विकत घ्यायची. क्रेडिट फक्त आपल्या राज्याचे. न्यू जर्सी त्यात आहे, टेक्सस आहे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया अजून बाहेर. पण मूळ लायसन्स गेलं की ती सगळी दारंही त्याच दिवशी बंद. फुल टाइम नाहीच जमणार सध्या, कबूल. महिन्यातून दोन शनिवार पीआरएन, म्हणजे बोलावतील तेव्हाचं काम, करशील. नर्सिंग होमवाले वीकएंडला फिजिओ मिळत नाही म्हणून रडत असतात. त्या दिवशी अभिजित घरी असतो.

पोर्टल उघडशील तेव्हा आधी तुझा ईमेल बघ. माझ्या आठवणीप्रमाणे तो जुन्या नोकरीतला आहे, म्हणजे बोर्डाची पत्रं कुठे जात असतील देव जाणे. मग नाव. तुझ्या डिग्रीवर माहेरचं, पासपोर्टवर अभिजितचं मधलं नाव आणि सासरचं आडनाव, आणि लायसन्सवर यातलं अर्धंच. कोर्सला नोंदणी करताना लायसन्सवर जसं आहे तसंच नाव घाल, स्पेलिंगसकट, आणि लायसन्स नंबर टाक. ऑडिटमध्ये नाव निघालं तर सर्टिफिकेटं मागतात, आणि तिथे "मीनल ए." आणि "मीनल अभिजित" एकच बाई आहे हे सिद्ध करत बसायला नको. प्रत्येक सर्टिफिकेट मिळाल्या मिळाल्या एका फोल्डरमध्ये टाक. आणि कोर्स घेण्याआधी तो न्यू जर्सीला चालतो का ते बघ. माझ्याकडे चाललेला तुझ्याकडे चालेलच असं नाही. प्रश्नावलीत गुन्हा, खटला, पोटगीची थकबाकी असलं काहीबाही असतं, ते वाचून घाबरू नकोस, सगळ्यांनाच विचारतात.

पैशाचं म्हणशील तर एथिक्सचा कोर्स माझ्याकडून. नाही म्हणालीस तर मी खरंच रागावेन. तू मला टोफेलची फी उसनी दिली होतीस आणि परत घेतली नाहीस.

बुधवारी रात्री व्हिडिओ कॉल लावते, तुझ्याकडे नऊ, माझ्याकडे आठ. लॅपटॉप घेऊन बस, पासवर्ड तोवर रीसेट करून ठेव. त्या तासाभरात काकूंकडे अभिजितने बघायचं, बेल्ट कसा धरायचा ते तू त्याला शिकवलंयसच.

तुझी,
रेवती