टेप कपाटात सापडत नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकीय हेरकथांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. बहिर्जी नाईकांपासून सुरुवात केली हे छान. फक्त त्यांची समाधी आपल्याच सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर आहे, एवढे एका ओळीत सांगितले असते तर पोरांना सुट्टीत जायला एक ठिकाण कळले असते. असो, पत्राचे कारण वेगळे आहे.

मी टेलिफोन खात्यात ३२ वर्षे काढली. त्यामुळे हेरकथेत फोन टॅपिंग आले की माझे लक्ष गोष्टीवरून उडते. लेखात कौतुक केलेला साचाच घ्या. भ्रष्ट मंत्री रात्री गुप्तचर खात्यातल्या साहेबांना सांगतो, ‘त्याचा फोन ऐका’, आणि दहा मिनिटांत हेडफोन लावून माणूस तयार! पुढे एक प्रामाणिक अधिकारी दहा वर्षांपूर्वीची टेप कपाटातून काढतो आणि सरकार कोसळते.

यातली दहा मिनिटे एक वेळ खरी मानू. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ असायचा, म्हणजे गावातल्या सगळ्या लाइनी जिथे येऊन बसतात ती लोखंडी मांडणी. तिथे एक जंपर, म्हणजे जोडतार, ओढला की लाइन दुसरीकडे ऐकू जाई. हे लोकांनाही ऐकून माहीत असल्याने दर पावसाळ्यात कोणीतरी पुढारी तणतणत यायचे, ‘फोन खरखरतोय, विरोधकांनी टॅप केलाय.’ आम्ही खड्डा उकरायचो आणि केबलच्या जॉइंटमध्ये पाणी सापडायचे. जंपर नीट बसवला तर कसलीच खरखर होत नाही, पण हे त्यांना सांगून त्यांची झोप कशाला उडवा?

काम इतके सोपे, म्हणून सगळा प्रश्न कागदाचा, म्हणजे परवानगीचा. मिरजेपलीकडे लगेच लागणाऱ्या कर्नाटकात १९८८ साली फोन टॅपिंगवरूनच रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगला कार्यपद्धती घालून दिली, २००७ मध्ये तिचे सविस्तर नियम झाले. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश हवा. तो ६० दिवस चालतो, वाढवून फार तर १८० दिवस. फोन कंपनीने आलेल्या आदेशांची यादी दर १५ दिवसांनी फोन ऐकणाऱ्या यंत्रणेकडे पाठवून ते खरे असल्याची खात्री करून घ्यायची. वाचायला चोख वाटते.

आता आदेश योग्य होता का, हे कोण तपासते? केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव, दोन महिन्यांतून एकदा बसून. गृहसचिवांच्या सहीची तपासणी त्यांच्यासारखेच सरकारी साहेब करणार! त्यात ना न्यायाधीश, ना विरोधी पक्षाचा एखादा खासदार. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानंतरही समितीत सचिवच आहेत. शिवाय कामासाठी लागणार नसेल तर ही कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रण सहा महिन्यांनी नष्ट करायचे, असे नियमच सांगतो. म्हणजे नायकाची ती दहा वर्षांपूर्वीची टेप कोणी चोरलेली नसते, रीतसर शेरा मारून संपवलेली असते. मंत्र्याला रात्रीचा फोन करायची गरजच काय? लबाडी करायची तर ती सहीशिक्क्यानिशी करता येते, आणि आमच्या लेखकांना नेमके तेच दिसत नाही.

‘गुप्तचर खात्याला कोणी जाब विचारू शकत नाही,’ हे वाक्यही प्रत्येक कथेत असते. माहिती अधिकार कायदा २००५, कलम २४ पाहा. आयबी आणि रॉ यांना त्यात सूट आहे, पण भ्रष्टाचाराच्या आरोपांशी संबंधित माहिती त्या सुटीत बसत नाही. उत्तर सरळ येईल असे मी म्हणणार नाही, मी सरकारी नोकरीतच केस पांढरे केलेत. पण पिस्तूल काढण्याआधी दहा रुपयांचा अर्ज करणारा एकही नायक मला अजून भेटलेला नाही.

तेव्हा कोणी नवा लेखक ही पुरवणी वाचत असेल तर त्याने पाठलाग थोडे कमी करून ती दोन महिन्यांची बैठक लिहावी. तीन सचिव, चहा आणि टेबलावर आदेशांची चळत. एकेका आदेशाला किती मिनिटे मिळतात, तेवढे दाखवले तरी मी पुस्तक विकत घेईन, वाचनालयातून आणणार नाही.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी,
विश्रामबाग, सांगली