तीनशे पौंडांबद्दल

स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडच्या रीडकाकांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणारही नाही. तरी तुमच्या पोरांचा, जिम आणि विल्यमचा, द जीझस अँड मेरी चेन हा रॉक बँड ज्यातून उभा राहिला, त्या तुमच्या ३०० पौंडांचे आभार मानायचे राहिलेत.

कारखान्यातली नोकरी गेली आणि त्याबदली तुमच्या हातात थोडे पैसे पडले. आमच्याकडे व्हीआरएसचे पैसे थेट मुदतठेवीत जातात. तुमच्या घरात तर दोन घोडे, वर्षानुवर्षं बेकारभत्त्यावर, खोलीत गिटार घेऊन बसलेले. तरी तुम्ही त्यातून ३०० काढून दिलेत. जिम आणि विल्यमनं पोर्टास्टुडिओ घेतला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येतात ते यंत्र.

त्यांची डेमो कॅसेट हातोहात फिरत ग्लासगोच्या बॉबी गिलेस्पीकडे गेली (तोच पुढे त्यांचा ड्रमर झाला), तिथून क्रिएशन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या अ‍ॅलन मॅगीकडे. नोव्हेंबर १९८४ मध्ये पहिलं सिंगल आलं, आणि पुढच्या नोव्हेंबरात द जीझस अँड मेरी चेनचा पहिला अल्बम, 'सायकोकँडी'.

मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, हेडफोनची वायर गेली. दोनदा पिन काढून घातली. सुरुवात तशी सभ्य आहे. धम्, ध-धम्, ठाक्! रोनेट्स या अमेरिकन गायिकांच्या बँडचा १९६३चा ठेका, उचललेला. गिलेस्पी उभ्यानं वाजवणारा, समोर दोनच ड्रम. डग्लस हार्टच्या बास गिटारला तारा दोनच. आणि मग ती कुई. मांडवात माईक स्पीकरसमोर गेला की उठते ना, तीच: गिटारचा आवाज अँप्लिफायरमधून निघतो, परत गिटारमध्ये शिरतो आणि गरगरत राहतो. बाकीचे ती बंद करायला धावतात, तुमच्या पोरांनी तिच्यात गाणी बसवली. आत चाली मात्र गोड, आणि जिम कंटाळल्यासारखा पुटपुटतो. चौदा गाणी, चाळीस मिनिटंही नाहीत. खरं सांगू? मधली दोन-तीन मला अजून वेगळी ओळखता येत नाहीत.

माझी नोकरी गेली त्या पावसाळ्यात मी हा अल्बम रोज लावायचो, मोठ्यानं. एकदा बाबा दारात येऊन उभे राहिले. "मिक्सर चालू राहिलाय का?" म्हणाले. मी आवाज कमी करायला उठलो, तर म्हणाले, "असू दे."

आपला,
एक श्रोता