लेकराला शपथ घालू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

निकालाचे दिवस आले की तुमच्या पेपरात पालकांसाठी सल्ले येतात, मुलांशी बोला, प्रेशर देऊ नका वगैरे. चांगलंच आहे ते. पण ज्या घरात लेकराच्या हातावर स्वतःला इजा केल्याच्या खुणा सापडल्यात त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं काय, हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहायलेय. माझ्या हातावर होत्या त्या खुणा, आता पांढऱ्या पडल्यात.

मी परभणीची, वय 26. अकरावीला लातूरला टाकलं, मेडिकलच्या तयारीला. लातूर पॅटर्न सगळ्यांना माहितीय, त्यावर जास्त बोलत नाही. लोकांना वाटतं स्वतःला इजा करणारा मरायलाच निघालेला असतो. माझं तसं नव्हतं, बऱ्याच जणांचं नसतं. डोक्यात एवढा कल्ला व्हायचा की तो कसाबी थांबावा एवढंच पाहिजे असायचं, आणि थांबायचा बी थोडा वेळ, मग शरम वाटायची आणि शरमेनं परत कल्ला. (म्हणून हलक्यात घ्यायचं असं नाही, हे चालू राहिलं तर पुढं जिवाचा धोका वाढतो.)

मे महिन्यात घरी आले तर एवढ्या उन्हात फुल बाह्यांचा ड्रेस. मायनं विचारलं, मी म्हणलं टॅनिंग होतंय. मामाच्या पोरीचं लग्न होतं, कासारीण आली बांगड्या भरायला, तिनं माझा हात धरला, बाही वर सारली आणि थांबली. आजूबाजूला सगळ्या बायका. काहीच बोलली नाही, काढलेल्या बांगड्या खाली ठेवल्या, एक साईज मोठ्या घेतल्या आणि हळूहळू सरकवत म्हणली, दुखलं तर सांग गं बाई. तेवढंच.

त्याच रात्री मायला कळलं. आधी रडारड, मग "माझी शपथ हाय तुला, परत केलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील". तुळजापूरला नवस बोलून झाला. पप्पांनी बाथरूमची कडीच काढून टाकली. दवाखान्यात नेलं नाही कारण काका म्हणले पोलीस केस होते.

शपथ 21 दिवस टिकली. 22 व्या दिवशी मोडली आणि आता मी नुसती स्वतःला इजा करणारी नव्हते, मायला मारणारी बी झाले होते. मग मी लपवण्यात एक्स्पर्ट झाले, दुसरं काय होणार?

पुढं मामेबहिणीनंच सिव्हिलला नेलं, केसपेपर काढला. तिथल्या कौन्सिलर मॅडमनी "का केलंस" विचारलंच नाही, कधी होतं आणि त्याच्या आधी काय झालेलं असतं ते विचारलं. वचन मागितलं नाही. म्हणल्या, करू नको म्हणत नाही मी, फक्त 15 मिनिटं पुढं ढकल. ती वेळ वावटळीसारखी असते, येते तेव्हा वाटतं आता काय राहत नाही, पण ती एका जागी थांबत नाही. तेवढ्या वेळात खोली सोडायची, माणसं बसलीत तिथं जायचं, माठातलं गार पाणी तोंडावर मारायचं, फोन लावायचा. माझं आणि बहिणीचं ठरलेलं होतं, मी नुसतं "चहा पिऊ का" म्हणलं की तिला कळायचं, मग ती काहीबाही बोलत राहायची, सासूच्या तक्रारी, मेथीचा भाव, काहीपण.

पाच महिन्यांनी परत एकदा झालं. मी मॅडमसमोर मान खाली घालून बसले, वाटलं गेलं सगळं पाण्यात. त्या म्हणल्या, यावेळी किती वेळ थांबलीस? 40 मिनिटं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून ठेवलं. तसं कुणी लिहून ठेवलं ना की माणूस दुसऱ्यांदा 50 मिनिटं थांबतो. आता शेवटचं होऊन 5 वर्षं झालीत, पण हे सरळ रेषेत झालेलं नाही.

पोलीस केसचं म्हणाल तर, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं 115 कलम वाचा. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूससुद्धा प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं, म्हणून त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार देणं सरकारचं काम आहे. माझं तर तेही नव्हतं. त्या भीतीपायी आमचे फुकट सात महिने गेले.

तुम्हाला एकच विनंती. असली बातमी छापताना कशानं, कुठं, कसं हे सविस्तर देऊ नका, त्याच्या जागी 14416 हा नंबर चौकटीत द्या. टेलिमानस म्हणतात, सरकारचा आहे, 24 तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळेला नव्हता, 2022 ला सुरू झालाय.

आपली,
एक वाचक, परभणी

ता. क. नाव छापू नका. मला लाज नाही, पण मामाकडं तुमचाच पेपर येतो आणि माय अजून शेजारणीला सांगते की पोरीच्या हातावर दूध सांडलं होतं.