चि. निखिल यास पत्र

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरातल्या नारिंगी रंगद्रव्याच्या, गोळ्यांवरून आपले बिनसले आणि तू फोन ठेवून दिलास. सिगारेटचा विषय काढायचा नाही, असे ठरवून लिहायला बसले आहे. भाज्यांमधली रंगद्रव्ये पोटात नष्टच होतात, मग गोळी का नको, असे तू विचारले होतेस.

लाल कोबीतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य जठरातल्या आम्लात बऱ्यापैकी टिकते. लहान आतड्यात आम्लता ओसरली की त्याची रचना मोडू लागते आणि मूळ रूपात रक्तात पोहोचते ते फारच थोडे. पण मोठ्या आतड्यातले जिवाणू उरलेल्याचे विघटन करून फिनॉलिक आम्ले तयार करतात आणि त्यांतली काही शरीरात शोषली जातात. याला नष्ट होणे कसे म्हणायचे? कॅरोटीनचे निराळे आहे. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे गाजर शिजून त्याच्या पेशीभित्ती सैल झाल्या, सोबत थोडे तेल असले आणि पित्तरसाची मदत मिळाली, तरच ते आतड्याच्या अस्तरातून नीट आत जाते.

लहानपणी बीट खाल्ल्यावर लघवी लाल झालेली पाहून तू घाबरून बाबांना उठवले होतेस आणि तो रंग पचनातून वाचून आलेला आहे हे कळल्यावर कितीतरी दिवस बीटच मागत होतास. तुझ्या त्या चौकसपणाचा मला आजही अभिमान वाटतो, म्हणूनच पुढचे लिहिते.

गोळीतून कॅरोटीन जेवणापेक्षा कितीतरी पट अधिक मात्रेत येते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण 18 टक्के जास्त आढळले. अमेरिकेत तशीच एक चाचणी 1996 साली मुदतीआधी थांबवावी लागली. सिगारेट ओढणाऱ्याने ही गोळी घेऊ नये, निखिल. नको म्हणताना तोच विषय निघाला आणि पुन्हा व्याख्यानही झाले, राग मानू नकोस. पण तुझा खोकला फोनवरही ऐकू येतो आणि मग मला झोप लागत नाही.

सिगारेट सुटायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. गोळी मात्र आजच बंद करता येईल; ती कर, खोकला डॉक्टरांना दाखव आणि बाटलीवर किती मिलिग्रॅम लिहिले आहे ते मला कळव. सुमामावशीही विचारत होती.

तुझी,
आई