घळीत हिंडताना जुना पोशाख

संपादक महोदय,

तापी-पूर्णाकाठच्या मातीच्या घळींत खादीचा सदरा, चामडी बूट आणि छागल (पाणी नेण्याची जाड कापडी पिशवी) घेऊन हिंडणारे तरुण हल्ली दिसतात. ही आवड आम्हाला मनापासून पटते. पण हा पोशाख वापरायची रीत माहीत हवी.

छागलीचेच घ्या. नवी कोरी छागल गळतेच. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली की धागे फुगतात, वीण आवळते. पाणी झिरपून उडते म्हणून तर आतले गार राहते. पण त्यामुळेच ती भरवशाचा साठा नव्हे. दिवसभरासाठी माणशी किमान ४ लिटर पाणी बंद बाटल्यांत वेगळे घ्यावे. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा घळीत उतरूच नये.

सदरा एक माप मोठा, पूर्ण बाह्यांचा असावा. अंगाला चिकटला की वारा खेळत नाही. दुपारी घामाने भिजून गारवा देणारे हेच सूत डिसेंबरात सूर्य कलल्यावर हुडहुडी भरवते. कोरडा सदरा आणि लोकरीची बंडी पिशवीत हवीच. जाड जीन नको. भिजली की जड होते, मांड्या सोलवटतात.

बूट आधी दोन आठवडे घरी-गावात वापरून मऊ करावेत. तळ जाड हवा, बाभळीचा काटा पातळ तळातून आरपार जातो.

आणि सावली मिळाली तरी उभ्या दरडीखाली बसू नका. पोयट्याची माती भेगाळून अचानक सुटते.

– तापीकाठचे काही भटके, भुसावळ