आत्याचा ब्लॉक आणि तुझी तपासणी

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद,

आत्याचा गर्भाशयाचा कॅन्सर घराण्यातून आला असेल का, असं तू विचारलंस. बहुतेक वेळा तो तसा येत नाही. पण शंभरातल्या साधारण तीन जणींच्या बाबतीत मुळाशी लिंच सिंड्रोम, म्हणजे वारशाने येणारा एक जनुकीय बिघाड, असतो. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी चार जनुकं आहेत: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. यातलं एक जन्मापासून बिघडलेलं असलं की गर्भाशयाच्या अस्तराचा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता बरीच वाढते. हा बिघाड बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. तेव्हा ‘हा बायकांचा आजार’ म्हणून तू बाजूला होऊ नकोस. पुरुषालाही आतड्याचा धोका असतोच.

सुरुवात तुझ्या रक्तापासून करायची नाही. आत्याच्या गाठीचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये जपलेला असेल, त्यावर या चार जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांची आयएचसी (प्रथिन आहे की नाही ते रंगावरून दाखवणारी तपासणी) करून मागा. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळं. मात्र शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी दिसायलाच हव्यात. त्याही निळ्या असल्या तर ऊतक फॉर्मलिनमध्ये (ते टिकवण्याच्या द्रावणात) नीट मुरलेलं नसू शकतं, आणि त्या टेस्टवरून काहीच ठरवता येत नाही, ती पुन्हा करावी लागते. आणखी एक, इथे ‘निगेटिव्ह’ वाचून हायसं वाटून घेऊ नका. निगेटिव्ह म्हणजे प्रथिन गायब.

एमएलएच१ आणि पीएमएस२ ही जोडी गायब असली तरी लगेच वारशावर जायचं नाही. पुष्कळदा ते जनुक गाठीतच मेथिलेशनमुळे (डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणांमुळे, वारशाने नव्हे) बंद पडलेलं असतं, म्हणून आधी ती तपासणी. मेथिलेशन नसेल, किंवा एमएसएच२, एमएसएच६ गायब असतील, किंवा एकटं पीएमएस२ गायब असेल, तर आत्याची रक्तावरून जनुक तपासणी. रक्त आधी तिचंच हवं. तिच्यातला नेमका बिघाड कळल्याशिवाय तुझा रिपोर्ट स्वच्छ आला तरी त्याला अर्थ नाही.

बिघाड सापडला तर पुढे बाबांची तपासणी. त्यांच्यात तो नसेल तर त्यांच्या बाजूने तुझ्यात यायचा प्रश्नच नाही. असेल तर तुझी आणि ताईची. जनुकानुसार कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) विशी-पंचविशीपासून किंवा थोडी उशिरा, दर एक-दोन वर्षांनी. ताईला मात्र आत्ताच सांग: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं तर नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नकोस, अस्तराची बायोप्सी मागून घे. पाळी चालू असताना अस्तराची जाडी रोज बदलते, त्यावरून कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही.

आत्याला फोन कर, ब्लॉकचा नंबर तिच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर वरच्या बाजूला असेल.

तुझी,
आई