‘प्रभूने मला दाखवले’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देवाचा कौल, ज्योतिषाचा सल्ला आणि माणसाचा स्वतःचा विवेक यांवर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या जी चर्चा चालू आहे, तिच्यात एका वाचकाने विचारले आहे की, ख्रिस्ती माणसे ‘प्रभूने मला दाखवले’ असे सहज बोलून जातात, तेव्हा त्यांना प्रत्यक्षात काय दिसलेले असते. कोल्हापुरातील एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद या नात्याने हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, म्हणून हे उत्तर.

बहुतेक वेळा काहीच दिसलेले नसते आणि काही ऐकूही आलेले नसते. घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांत लोक साक्ष देतात, म्हणजे आपला अनुभव सर्वांपुढे सांगतात, तेव्हा त्यांचे म्हणणे साधे असते: एखादा प्रश्न बरेच दिवस प्रार्थनेत मांडला, त्या काळात शास्त्रपाठात एखादे वचन वारंवार समोर आले, पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) किंवा मंडळीतील एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्याशी बोलणे झाले, परिस्थितीने एक दार उघडले किंवा दुसरे बंद केले, आणि शेवटी एका बाजूला मन शांत झाले. या सगळ्याला मिळून ते देवाचे मार्गदर्शन म्हणतात. यात चमत्कार शोधणाऱ्याची निराशाच होईल.

कौलासारखे काही आमच्याकडे नाही, असे मात्र कोणी समजू नये. गिदोन या इस्राएली पुढाऱ्याने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे दोनदा खूण मागितली, ही कथा बायबलमध्येच आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, असे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलेले आहे. पण दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरल्याचा प्रसंग येतो आणि त्यानंतर त्या पुस्तकात चिठ्ठ्यांचा उल्लेख पुन्हा येत नाही. पंधराव्या अध्यायात तर यरुशलेमेत जमलेले प्रेषित व मंडळीचे वडीलजन भरपूर वादविवाद करतात आणि मग पत्रात लिहितात की, पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटले. म्हणजे देवाची इच्छा वाद टाळून नव्हे, तर वाद पुरा झाल्यावर कळली. तरीही डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी मानायचे, ही पद्धत आमच्या काही घरांत आजही चालते. बोट वंशावळीवर पडले तर काय करायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

रोजच्या आयुष्यातले मार्गदर्शन कसे असते, हे आमच्या मंडळीतील एका परिचारिकेच्या अनुभवावरून सांगतो. रात्रपाळीत एका शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाजवळून जाताना तिला वाटले की, पुन्हा एकदा पाहावे. वेळापत्रकाप्रमाणे तपासणी व्हायला अवकाश होता. तिने नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, तो उतरत होता, आणि तिने डॉक्टरांना उठवले. हा देवाचा इशारा होता की अनेक वर्षांच्या सरावाने तयार झालेली नजर? तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘ड्युटीवर जाण्यापूर्वी मी रोज प्रार्थना करते की माझे डोळे उघडे राहोत, ते राहिले.’ नोंदवहीत मात्र तिने रक्तदाबाचे आकडे आणि वेळ लिहिली, देवाचे नाव लिहिले नाही. मला तिचे दोन्ही पटते. 1894 मध्ये शेजारच्या मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिशन रुग्णालय उभारले. प्रार्थना आणि वैद्यक यांत निवड करावी लागते, अशी शिकवण या भागातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना त्या परंपरेतून कधीच मिळालेली नाही.

मनातल्या प्रेरणांची पारख कशी करावी, याबाबत कॅथलिक परंपरेतील संत इग्नेशियस लोयोला यांचे म्हणणे मला फार उपयोगी वाटते. 1521 मध्ये युद्धात पाय मोडून अंथरुणाला खिळलेले असताना त्यांच्या लक्षात आले की, पराक्रमाची आणि दरबाराची स्वप्ने रंगवताना मजा वाटते, पण नंतर मन कोरडे पडते. संतांची चरित्रे वाचून केलेल्या विचारांचे समाधान मात्र मागे टिकून राहते. त्यातून त्यांनी पुढे नियम बांधले. त्यांतला एक असा की, मन खचलेले असताना, आधी स्वस्थ मनाने केलेला निश्चय बदलू नये. नोकरी सोडावी का, पुण्याला जावे का, भावाशी बोलणे बंद करावे का, अशा प्रश्नांत हा नियम किती माणसांना वाचवील!

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला तो बराच काळ वाचन, चिंतन आणि झगडा करून. परंतु त्यांना दिसलेल्या वाटेची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ताटातुटीने मोजावी लागली, आणि त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या काही वर्षांनी, आपल्या मनाने. एकाला मिळालेले मार्गदर्शन दुसऱ्यावर आपोआप लागू होत नाही.

माझी खरी तक्रार इथेच आहे. ‘प्रभूने मला दाखवले’ हे वाक्य स्वतःविषयी असते तेव्हा त्यात नम्रता असू शकते. दुसऱ्याविषयी असते तेव्हा ते समोरच्याचे तोंड बंद करते. ‘तुमची मुलगी माझ्या मुलासाठी आहे, असे प्रभूने मला दाखवले’ असे म्हणणारे वरपिते मी पाहिले आहेत. देव त्यांना नेहमी बरी नोकरी असलेलीच मुलगी दाखवतो. हे हसण्यावारी नेता येते. पण बाहेरून आलेल्या एका प्रवचनकाराने माझ्या परिचयातील मधुमेही गृहस्थांना ‘देव सांगतो, इन्सुलिन बंद करा’ असे सांगितले आणि त्यांनी ते ऐकले, तेव्हा चारच दिवसांत त्यांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. ते वाचले. त्या प्रवचनकाराला जाब विचारायला मात्र कोणी धजले नाही, कारण देवाच्या नावाने बोललेल्या शब्दावर शंका घेणे म्हणजे अविश्वास, असे अनेकांना वाटते. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात नेमके उलट सांगितले आहे: संदेशांचा धिक्कार करू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा.

म्हणून शहरातील सर्व पंथांच्या पाळकांना व वडीलमंडळींना विनंती आहे की, औषध बंद करण्याचा, घर विकण्याचा किंवा लग्न जुळवण्याचा सल्ला कोणी देवाच्या नावाने दिला, तर तो मंडळीपुढे आणि संबंधित तज्ज्ञापुढे मांडल्याशिवाय पाळू नये, असे त्यांनी रविवारच्या उपासनेत व्यासपीठावरूनच सांगावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर